येतो म्हणून

"पप्पा, पाइपवाले अंकल इज ऑन द फोन अगेन. शुड आय से यू आर नॉट होम?"

पर्णिकाने रिसीव्हरवर तळहात घट्ट दाबून धरला होता. भानुदास एका पायात बूट चढवून तसाच उभा राहिला. फोन आला की आधी असं विचारायचं, हे गेल्या दोन महिन्यांत त्यानेच तिला शिकवलं होतं. आज ते ऐकून त्याने मान खाली घातली.

"काय म्हणतायत?"

"ही इज आस्किंग, आर यू रिअली कमिंग टुडे?"

"सांग, येतायत म्हणून," स्वयंपाकघरातून प्रमोदिनी म्हणाली. "आता लपून कुठे जाणार?"

उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल भागात भानुदासची प्लंबिंगची छोटी कंपनी होती. परवाना दोघांच्या नावाने होता, त्याच्या आणि तिथल्याच एका माणसाच्या. त्या माणसाला सगळे अरबाब म्हणत. त्याची सही असे, कष्ट भानुदासचे. खोर फक्कानला व्हिलांचं मोठं काम मिळालं, तेव्हा भानुदासने खैरुद्दीनच्या दुकानातून पाइप, नळ, टाक्या सगळं उधारीवर उचललं. काम पुरं झालं आणि दुबईतल्या ज्या मोठ्या कंत्राटदाराने ते दिलं होतं, तो एका सुट्टीत ऑफिसला कुलूप लावून पसार झाला. अडतीस हजार दिरहम डोक्यावर राहिले.

"म्हणजे पावणेपाच लाख," प्रमोदिनी पुटपुटायची. तेव्हाच्या भावाने रुपयांत सांगितलं की आकडा आणखीच अंगावर यायचा.

खैरुद्दीनने शेवटी परवाना कार्यालयात तक्रार दिली. आज सुनावणी होती. परवाना गेला की कंपनी गेली. कंपनी गेली की सहा कामगारांचे व्हिसा गेले, बायकोचा आणि मुलीचाही गेला. पर्णिकाची दहावी एप्रिलमध्ये सुरू व्हायची होती. भानुदासला हे सगळं पाठ होतं. रात्री डोळे मिटले की ते एकामागून एक कोसळताना दिसे.

दाराशी तो म्हणाला, "येतो."

"या," प्रमोदिनी म्हणाली. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तो घाईत "जातो गं" म्हणाला होता, तर तिने त्याला चपला काढून परत घरात बसवलं होतं, पाणी पाजलं होतं आणि नव्याने निघायला लावलं होतं. तेव्हापासून निघताना त्याच्या तोंडून दुसरा शब्द आला नव्हता. मराठीत बोलो नाहीतर हिंदीत.

कार्यालयातल्या एसीची हवा इतकी गार होती की बसलेली माणसं खांदे आखडून घेत होती. भानुदासच्या शर्टाची पाठ मात्र ओली झाली होती. तो दोनदा बाथरूमला जाऊन आला. तिसऱ्यांदा उठला, तेव्हा दाराशी बसलेला युसुफ हसला. हा केरळचा माणूस, साहेबांचं अरबी हिंदीत आणि हिंदी अरबीत करून सांगायचं काम त्याचं.

"बैठो भाई. इतना पानी किधर से आता है? प्लंबर है इसलिए?"

भानुदासला हसायला हवं होतं. तो परत खुर्चीत बसला.

आत पांढरा कंदुरा, म्हणजे पायघोळ अरबी झगा, घातलेला एक तरुण साहेब होता. समोर खैरुद्दीन बसला होता. आझमगडचा, मेंदी लावलेली दाढी, मांडीवर टोपी. भानुदासने त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याने तोंडातल्या तोंडात उत्तरं घोकून ठेवली होती: दुबईचा कंत्राटदार पळाला, कागद आहेत, हप्त्याने देईन, मुलीची शाळा आहे.

"बोलो," युसुफ खैरुद्दीनला म्हणाला.

"साहब, पैसे का तो जो है सो है. धंधे में आगे-पीछे होता है, मेरा भी हुआ है." खैरुद्दीनचा आवाज जड झाला. "लेकिन ये आदमी रोज़ों में तीन दफा मेरी दुकान पे आया. तीनों दफा उठते हुए बोला, आता हूं खैरुद्दीनभाई. मैं समझा, पैसे ले के आ रहा है. मग़रिब हो गई, रोज़ा खोलने का टाइम, सब ने शटर गिरा दिए, मैं खुला रख के बैठा रहा. इसके वास्ते खजूर और पकौड़े प्लेट में ढक के रखे. एक दफा नहीं, तीन दफा. पकौड़े मैंने बिल्लियों को डाले, साहब. ये झूठा आदमी है."

भानुदासने आता पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. घोकलेलं एकही उत्तर याला लागू पडत नव्हतं.

"साहब पूछता है," युसुफ म्हणाला, "तुम आता हूं बोला कि नहीं बोला?"

"बोला. लेकिन वो... वो तो मैं जा रहा था, इसलिए बोला."

"क्या?"

"हमारे में जाते टाइम जाता हूं नहीं बोलते. आता हूं बोलते हैं. उसका मतलब जाता हूं."

युसुफने आधी भुवया उडवल्या, मग ते अरबीत सांगितलं. साहेबाने परत विचारलं. युसुफने परत सांगितलं. साहेब खुर्चीत मागे रेलला आणि काहीतरी म्हणाला, तसे खोलीतले दोन कारकून खो खो हसले.

"साहब बोलता है, तुम्हारा मुल्क में जानेवाला आदमी आता हूं बोलता है, तो पैसा नहीं देनेवाला आदमी क्या बोलता है? दे दिया?"

भानुदासच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. हसण्यात सामील नव्हता तो एकटा खैरुद्दीन. तो भानुदासकडे टक लावून बघत होता, एखादी वस्तू अस्सल की नक्कल हे पारखावं तसा.

निकाल चार वाक्यांत आटोपला. परवाना आजपासून रोखलेला. नवं काम नाही, व्हिशाचा एकही कागद नाही. महिन्याभरात सगळी रक्कम चुकती करून खैरुद्दीनचं तसं पत्र आणायचं, नाहीतर परवाना कायमचा रद्द. लाल शिक्का कागदावर आपटला, तेव्हा भानुदास दचकला. एवढ्या मोठ्या माणसाला शिक्क्याच्या आवाजाने दचकताना पाहून युसुफने नजर दुसरीकडे वळवली.

बाहेर पार्किंगमध्ये खैरुद्दीन त्याच्या मागोमाग आला.

"सच में ऐसा बोलते हो तुम लोग?"

"हां भाई. घर में भी. जाता हूं बोलना अच्छा नहीं मानते. बोला तो आदमी लौटता नहीं, ऐसा डर रहता है."

"हम तो चलता हूं बोलते हैं." खैरुद्दीनने टोपी डोक्यावर चढवली, परत काढली. "एक बात बताओ, भानुदासभाई. तीनों दफा वही मतलब था?"

भानुदास गाडीच्या तापलेल्या टपाकडे बघत राहिला. पहिल्या खेपेला सवयीनेच बोलला होता. दुसऱ्या खेपेला खैरुद्दीनने विचारलं होतं, पक्का ना? तेव्हाच त्याला कळलं होतं, हा माणूस वेगळंच समजून बसलाय. त्याने तो गैरसमज दूर केला नाही. नुसती मान हलवली आणि बाहेर पडला. किती सोपं वाटलं होतं ते.

"सिर्फ पहली दफा," तो म्हणाला.

खैरुद्दीनने टोपी परत डोक्यावर चढवली. मग म्हणाला, "मुझे भी दुबई में माल का बिल चुकाना है, मियां. मैं किसको बोलूं, आता हूं?"

त्या महिन्यात भानुदासने पिकअप विकली. पाइपला आटे पाडायचं मशीन विकलं. प्रमोदिनीने न सांगता पाटल्या काढून टेबलावर ठेवल्या आणि चहा टाकायला गेली. दाराची बेल वाजली की तिघंही बोलायची थांबत. पर्णिका हळूच म्हणे, "इट्स ओन्ली द लाँड्री मॅन," आणि मगच पंख्याचा आवाज ऐकू येई.

पैसे जमत आले होते, तेवढ्यात अरबाबने बोलावून घेतलं. परवाना कार्यालयात आपल्या कंपनीच्या माणसाला लोक हसले, हे त्याच्या कानावर गेलं होतं. "खलास, भानुदास," तो थंडपणे म्हणाला. "मेरा साइन नहीं." सही मागे घेतली आणि महिना संपायच्या आतच परवाना रद्द झाला. भानुदास तिथून घरी आला तो भिंतीला पाठ टेकून जमिनीवरच बसला. इतके दिवस जी भीती वाटत होती, तीच समोर येऊन उभी राहिली होती.

तिकिटं काढली. कामगारांना दुसरीकडे लावून दिलं. निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तो खैरुद्दीनच्या दुकानात गेला आणि पाकीट काउंटरवर ठेवलं.

खैरुद्दीनने मोजलं. मोजून झाल्यावरही त्याचे हात नोटांवरच राहिले. "पूरा है," तो म्हणाला. "लेकिन लायसन तो गया ना? अब क्यों दे रहे हो?"

"माल तो मैंने उठाया था, भाई."

खैरुद्दीनने चहा मागवला. दोघांनी तो बसून प्यायला. बाहेर उन्हं उतरली होती आणि रस्त्यावर वाळूचा पातळ थर इकडून तिकडे सरकत होता. भानुदास उठला. दाराशी जिभेवर नेहमीचा शब्द आला. तो त्याने गिळला.

"जाता हूं, खैरुद्दीनभाई."

खैरुद्दीन काउंटरमागून झटकन उठला. त्याच्या चेहऱ्यावर घाबरल्यासारखं काहीतरी आलं. "अरे, अरे, ऐसा नहीं बोलो. तुम्हारे में नहीं बोलते ना?"

"कल की फ्लाइट है."

"तो क्या हुआ? बोलो, आता हूं."

भानुदासने त्याच्याकडे पाहिलं. मग छातीवर हात ठेवून किंचित वाकला आणि काही न बोलता पायरी उतरला.

पिकअप नव्हती, म्हणून टॅक्सी स्टँडपर्यंत चालतच जायचं होतं. मशिदीतून मग़रिबची, सूर्यास्ताच्या नमाजाची, बांग सुरू झाली. ओळीतल्या दुकानांची शटर्स एकामागून एक खडखडत खाली आली आणि माणसं टोप्या सावरत निघाली. कोपऱ्यावर भानुदासने मागे वळून पाहिलं. सगळी ओळ अंधारली होती. एकाच दुकानाचा दिवा चालू होता, आणि शटर उघडं होतं.