ड्रॉवरमधला चमचा

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा चमचा आहे. सध्या स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये, बाटल्यांच्या झाकणांबरोबर पडून असतो. पण माझी कीव करायची घाई करू नका. आधी ऐकून घ्या.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. नवीन लग्न झालेल्या एका कारागिराने जेवणाच्या सुट्टीत, उरलेल्या तुकड्यातून मला बायकोसाठी घडवलं. दांडा जरा वाकडा झाला. "वाकडा आहे, पण तुझ्या हाताला बसेल," असं म्हणत त्याने मला तिच्या ताटात ठेवलं. त्यानंतर घरात किती चमचे आले नि हरवले, पण ती जेवायची ती माझ्यानेच. मला याचा भारी तोरा होता. चहात साखर ढवळायला कोणी उचललं, तरी मला अपमान वाटायचा.

मग ती आजारी पडली. कॅन्सर निघाला आणि दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून केमोचं औषध सुरू झालं. केस गेले तेव्हा ती म्हणाली, "चला, कंगव्याला सुट्टी!" दुसऱ्या डोसनंतर मात्र तिचं अन्न तुटलं.

नवरा रोज संध्याकाळी मऊ भात कालवून मला हातात घ्यायचा. "हा बघ तुझा चमचा. दोन घास घे." मी तोंडात शिरलो की तिची जीभ आक्रसायची. डोळ्यांत पाणी यायचं.

"पोट भरलं हो."

"दोन घासांत? पोट आहे की शर्टाचा खिसा?"

मुलगी चिडायची. "आई, तू प्रयत्नच करत नाहीस!" आई आणखी एक घास कसाबसा गिळायची. मला फार वाईट वाटायचं.

एके दिवशी डॉक्टरांनी वजनकाट्याकडे पाहून सांगितलं, वजन आणखी उतरलं तर पुढचा डोस लांबवावा लागेल. नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. घरी येऊन त्याने मला घासून घासून लखलखीत केलं. दुसरं काय करावं, हे त्याला सुचत नव्हतं.

पुढच्या तपासणीला तो मला डब्यासोबत घेऊन गेला. डबा तिच्यापुढे उघडून तो फाईल आणायला बाहेर पडला आणि तिने मला हळूच दूर सारलं. नर्सने ते पाहिलं.

"काय होतंय तोंडाला?"

"काही नाही सिस्टर, बरं आहे."

"बरं आहे, हे मी सकाळपासून वीस जणांकडून ऐकलंय. खरं सांगा."

ती हसली आणि हसता हसता रडू लागली. "चमचा तोंडात गेला की खिळे चघळल्यासारखं वाटतं. पण यांनी तो स्वतःच्या हाताने केलाय. कसं सांगू?"

तो फाईल घेऊन दारातच उभा होता.

मित्रांनो, मला तिथल्या तिथे वितळून जावंसं वाटलं. इतके दिवस मी तिला प्रेमाने भरवत नव्हतो, छळत होतो!

"केमोमुळे बऱ्याच जणांना धातूची चव अशी नकोशी होते," नर्स म्हणाली. "लाकडी चमचा वापरून बघा. जेवण गरम नको, निवलेलं द्या."

त्याने मला पुसून खिशात टाकलं. "वेडी आहेस का गं? चमचाच तर आहे." पण त्याचा आवाज ओला होता.

त्या संध्याकाळी त्याने बाजारातून लाकडी चमचा आणला, कडा पॉलिश पेपरने घासल्या आणि तिच्यासमोर ठेवला. ती नऊ घास जेवली. तरी तो डोस आठवडाभर लांबलाच. अजून दोन डोस बाकी आहेत. पुढचं मला ठाऊक नाही, आणि भीती वाटते.

तुमच्या घरी कोणी असं आजारी असेल, तर "जेव, जेव" म्हणण्याआधी "काय होतंय?" असं विचारा. आणि "बरं आहे" एवढ्यावर उठून जाऊ नका, जरा वेळ बसा.

मला मात्र इथेच राहू द्या. लाकडी चमच्याचा वाटीवर आवाज होत नाही, म्हणून रोज संध्याकाळी मी कान देऊन बसतो. "अजून थोडा भात आहे का हो?" असं तिने विचारलं, की माझा दिवस चांगला गेला.