वरून उमरखेड दिसते

तांड्यातल्या पोरांना जत्रेतल्या पाळण्याविषयी काही शंका आली, की ती लखीरामच्या अंगणात जमत. अंगणातल्या कडुनिंबाला एक मोठा खिळा ठोकलेला होता आणि त्या खिळ्यावर टायर नसलेलं सायकलचं रिंग बसवलेलं होतं. रिंगला दोऱ्यानं चार काड्यापेट्या टांगलेल्या. लखीराम एका पेटीत तुरीचे दहा दाणे टाकायचा, की रिंग त्या बाजूला झुकून डुलत राहायचं. मग समोरच्या पेटीत दहा दाणे टाकून तो म्हणायचा, "आता एका बोटानं फिरवून पाहा." रिंग गरगर फिरे.

"समोरासमोर वजन सारखं, का मंग झालं काम. आन् पेटी काहून उलटी होत नाई, सांगा बरं."

"टांगलेली हाये म्हणून," पोरं एका सुरात म्हणत.

"बरोबर. बांधून टाकली असती तर वर गेलेल्या माणसाचे पाय आभाळात असते, आन् खिशातले फुटाणे आमच्या डोक्यावर."

यातलं 'आमच्या' त्यानं कमावलेलं होतं. मिसरूड फुटलं त्या वयात लखीरामनं सहा हिवाळे पाळणा फिरवला होता. पूनमसिंगचा लाकडी रहाटपाळणा बैलगाडीत घालून ते ढाणकी, उमरखेड, पार बोरी अरबपर्यंत जत्रा करत. दोन खांब, चार पाळणे, ना वीज ना इंजिन. एका अंगाला एक गडी, दुसऱ्या अंगाला दुसरा. खाली आलेला पाळणा धरायचा, रेटायचा आणि सोडायचा. लखीरामचे तळहात अजून खरखरीत होते, ते शेतीमुळे की पाळण्यामुळे हे त्याचं त्यालाच माहीत. पोरांना तो पाळण्यामुळे सांगायचा.

त्याची नात रंजिता पाचवीत होती. तिच्या वर्गाच्या विमलताई मॅडमनी सांगितलं होतं, आपल्या भागात दिसणाऱ्या एका वस्तूचा इतिहास लिहून आणा आणि सोमवारी वर्गात वाचा. रंजितानं पाळणा घेतला. आजा घरातच असताना दुसरं कायले शोधायचं?

लखीराम तिच्या वहीसमोर तीन संध्याकाळी बसला. अमेरिकेत शिकागो नावाचं गाव आहे, तिथं १८९३ साली मोठं प्रदर्शन भरलं, आणि पूल बांधणाऱ्या एका इंजिनिअरनं त्यात लोखंडी पाळणा उभारला, हे त्यानं सांगितलं. एकेका डब्यात साठ माणसं आणि असे छत्तीस डबे. रंजितानं पाटीवर गुणाकार केला, एकवीसशे साठ आले. "म्हणजे आपला तांडा दोनदा," ती म्हणाली. पण त्याच्याही अडीचशे वर्षं आधीच तुर्कांच्या मुलखात माणसं हातानं लाकडी पाळणे फिरवत होती, हे सांगताना लखीरामचा आवाज जरा चढला. "म्हणजे आमचीच जात ते. इंजिनवाले मागून आले."

मग रंजितानं विचारलं, "आन् पार वर गेल्यावर काय दिसते, आजा?"

लखीराम अडला नाही. हा प्रश्न त्याला पंचेचाळीस वर्षं विचारला जात होता. "ढाणकीच्या जत्रेत ना? वरून उमरखेड दिसते. पाण्याची टाकी, बसस्टँड, यष्ट्या कशा मुंग्यांवानी चालल्या ते."

रंजितानं ते पेनानं लिहिलं आणि खाली तांबडी रेघ ओढली.

"हे तांबडं कायले?"

"मॅडमनं सांगितलं, जे कोणी सोताच्या डोळ्यानं पाह्यलं, त्याच्याखाली तांबडी रेघ. बाकी साऱ्याखाली निळी. हे तुमी पाह्यलं ना? आपून रयवारी जत्रेत जाऊ, मी बी पाह्यते. मंग दोन तांबड्या होतील."

लखीरामनं चहाचा रिकामा कप तोंडाला लावला.

कारण गोष्ट अशी होती, की लखीराम पाळण्यात कधी बसलाच नव्हता. फिरवणाऱ्यानं बसायचं नाही, हा पूनमसिंगचा नियम होता. एक गडी वर गेला तर त्याच्या अंगाला रेटायला कोण? पाळणा लंगडा होई. सहा हिवाळ्यांत लखीरामनं अख्ख्या तालुक्याला आभाळ दाखवलं, पण स्वतःचे पाय मातीतून उचलले नाहीत. वर काय दिसतं ते त्यानं वर गेलेल्यांकडून ऐकलं होतं. पुढे लोखंडी पाळणे आले, तेव्हा बसता आलं असतं. पण तोवर तो इतक्या जणांना इतकं सांगून बसला होता, की पहिल्यांदा बसतोय हे तोंडावरून कळेल अशी त्याला धास्ती वाटायची. आता सोमवारी भर वर्गात त्याच्या नावाखाली तांबडी रेघ वाचली जाणार होती. साऱ्या जगासमोर थाप उघडी पडली असती तरी चाललं असतं. रंजितासमोर ती उघडी पडणं त्याला सोसणार नव्हतं.

रविवारी दुपारी ऊन उतरल्यावर तो, त्याची बायको जमनी आणि रंजिता ढाणकीला पोचले. पाळणा लांबूनच दिसला. लोखंडी, बारा खुर्च्यांचा, निळा-पिवळा. लखीरामनं आधी त्याला एक प्रदक्षिणा घातली. मग खांबाला हात लावला. मग वाकून नट पाहिले.

"काही हरवलं काय, बाबा?" पाळणा चालवणाऱ्या इंद्रजितनं विचारलं. तो तिशीतला, गळ्यात शिट्टी अडकवलेला गडी होता.

"ऑइल कवा देलतं?"

"सकाळी."

"आन् त्याच्या आधी?"

"काल सकाळी. बाबा, बसता का पाळणा इकत घेता?"

जमनी ओढणी तोंडाशी धरून हसली. "त्याइले घाई नोका करू, भाऊ. ते मोठे कारागीर हायेत. आधी मुहूर्त पाह्यतीन."

"वारा हाये," लखीराम म्हणाला.

"कुठं हाये?" रंजितानं ओलं बोट वर धरून पाहिलं. ही युक्ती त्यानंच तिला शिकवली होती. "जराक बी नाई, आजा."

लखीरामला आता शेवटचा आधार सापडला. "आमी दोघं एका बाजूले. समोर वजन कोण देईन? समोरासमोर सारखं पाह्यजे. तसं नाई बसत मी."

"समोर मी बसते ना," जमनी म्हणाली. "मी काय कमी हाये? तुमच्यापेक्षा दोन किलो जास्तच भरीन."

झालं. लखीराम आणि रंजिता खालच्या खुर्चीत बसले, दांडी लागली, आणि समोरची खुर्ची खाली आणायला इंद्रजितनं पाळणा अर्धा फिरवला. समोरची खुर्ची खाली आली, म्हणजे लखीरामची पार वर गेली आणि तिथंच थांबली.

हे गणित लखीराम रोज काड्यापेट्यांवर शिकवत होता. स्वतः पेटीत बसल्यावर ते त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

खाली जमनीला काही घाई नव्हती. तिनं चपला काढल्या. त्या कुठं ठेवाव्यात ते इंद्रजितला विचारलं. त्याचं गाव विचारलं, लेकरं किती ते विचारलं. ओढणी खोचली, पुन्हा सोडली.

वर लखीरामनं दोन्ही हातांनी दांडी धरली होती आणि डोळे गच्च मिटले होते.

"आजा, उमरखेड कोन्या बाजूले?"

"तिकडं."

"डोळे उघडून सांगा ना."

लखीरामनं एक डोळा उघडला. मग दुसरा. आधी त्याला आभाळच दिसलं, नको तितकं. मग जत्रेच्या ताडपत्र्या दिसल्या, त्यांच्यापलीकडे उसाचे हिरवे चौकोन, तुरी काढून मोकळी झालेली रानं, आणि कुठंतरी हळद शिजवत असल्याचा पांढरा धूर सरळ वर चढताना दिसला. आपल्या तांड्यावरच्या देवळाचा पांढरा झेंडा बोटाएवढा दिसला. त्यानं चारी दिशा दोनदा पाहिल्या. उमरखेड नव्हतं. टाकी नव्हती. मुंगीएवढी काय, माशीएवढी यष्टी नव्हती.

रंजिता त्याच्या तोंडाकडे पाहत होती. तिच्या पिशवीत वही होती, वहीत तांबडी रेघ होती.

"रंजी," लखीराम हळूच म्हणाला, "ती रेघ निळी कर."

"काहून?"

"मी पाह्यलंच नाई कदी. बसलोच नाई मी पाळण्यात. आज पयल्यांदा बसलो."

रंजितानं पिशवीतल्या वहीवर हात ठेवला. "मंग मले कायले सांगितलं, दिसते म्हणून?"

"लोक सांगत होते वरून. मले वाटलं, खरंच असन."

"किती लोक?"

लखीरामनं आठवून पाहिलं, आणि त्याचा चेहरा चमत्कारिक झाला. त्यानं दांडीवरून वाकून, न भिता, खाली पाहिलं.

जमनी अखेर बसली आणि पाळणा सुरू झाला. पाच फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीपासून लखीरामनं एक हात सोडला होता, पण त्याचं लक्ष सगळं समोरच्या खुर्चीकडे होतं.

खाली उतरल्या-उतरल्या त्यानं जमनीला गाठलं. "उमरखेड दिसते, असं कोण सांगे मले?"

जमनी चपला शोधत होती. त्या तिच्या पायापुढेच होत्या.

"तूच सांगे," लखीराम म्हणाला. "दुसरं कोणीच नाई. लगनाआधी तू तुह्या याडीसंगं, मायसंगं जत्रेत आलती, तीन दिवसांत नऊ फेऱ्या बसलती."

"मंग काय सांगू?" जमनी म्हणाली. "दर फेरीले खालून तोंड वर करून इचारायचे, काय दिसते, काय दिसते. त्या लाकडी पाळण्यातून रेवडीवाल्याची ताडपत्री दिसे, बस. तेवढं सांगून तुमचं तोंड उतरवू? एकदा म्हटलं, उमरखेड दिसते. तुमी असे खुलले, का मंग बसस्टँड बी देऊन टाकलं. टाकी तर तवा मी पाह्यली बी नोती."

"आन् मी पंचेचाळीस वर्सं तेच सांगून राह्यलो."

"म्या एकच डाव सांगितलं होतं," जमनी म्हणाली. "बाकीचे तुमचे."

रंजितानं इंद्रजितच्या खुर्चीवर बैठक मारून वही काढली. पेनानं लिहिलेलं खोडता येत नव्हतं. तिनं खाली लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, "वरून उमरखेड दिसत नाही. हे मी स्वतः पाहिलं. माझ्या आजानेही आजच पाहिलं." आणि दोन तांबड्या रेघा ओढल्या.

"ठीक हाये," लखीराम म्हणाला. मग तो इंद्रजितकडे वळला. "आता मी आन् हे उमरखेडवाली एका खुर्चीत. समोर पोट्टी आन् तुह्या खांबापाशी पडलेली वाळूची दोन पोती."

"वारा हाये, बाबा," इंद्रजित म्हणाला.

"बस, मले नोको शिकवू."

पोती लागली, रंजिता त्यांच्यामध्ये बसली. आजा-आजी पार वर गेले तेव्हा ती पार खाली होती, जिथं लखीराम सहा हिवाळे उभा होता. तिनं तोंड वर करून ओरडून विचारलं, "काय दिसते, आजा?"

वर जरा कुजबुज झाली. मग लखीरामचा आवाज आला, "उमरखेड. टाकी बी दिसते."

रंजिताच्या मांडीवर वही होती आणि हातात पेन होतं. तिनं पेनाचं टोपण काढलं नाही.