पहिल्या होडीची खाच

"धादांत खोटं आहे हे!" मिस्त्रीने छपाईला निघालेले कागद सेक्रेटरीबाईंच्या टेबलावर आपटले.

क्लबला पन्नास वर्षं होत होती, म्हणून बाईंनी त्याचा इतिहास लिहिला होता. पहिल्याच पानावर होतं : 'क्लबची पहिली शिडाची होडी कप्तानांनी स्वतःच्या हातांनी बांधली.'

"अहो, त्या माणसाला धड खिळा ठोकता येत नव्हता! होडी मी बांधली, तीन महिने खपून. तो शेडमध्ये स्टुलावर बसून चहा ढोसायचा आणि गप्पा हाणायचा."

कप्तानाला जाऊन चार वर्षं झाली होती, पण मिस्त्रीचा जळफळाट काही गेला नव्हता. भिंतीवर फोटो कप्तानाचा, कपाटातले चषक कप्तानाचे, नवी पोरं नाव घेणार तेही कप्तानाचंच. शीड फाटलं, सुकाणू निखळलं की तेवढी मिस्त्रीची आठवण. बायको वैतागून म्हणायची, "गेलेल्या माणसावर कसले जळता हो?" जळायचा, त्याला कोण काय करणार!

"काका, मी मनाचं लिहिलेलं नाही," बाई म्हणाल्या. "सभांच्या जुन्या वहीत आहे. वाचते, बसा."

वहीत पहिल्या शर्यतीचं प्रकरण होतं. ते मिस्त्रीला चांगलंच आठवत होतं. होडी बांधताना पालथी असते. ती वाऱ्याने आडवी सरकू नये म्हणून तळातून जी फळी खाली सोडतात, तिची खाच तळाच्या मधल्या कण्याच्या उजवीकडे हवी होती. मिस्त्रीने पालथ्या होडीवरच आपला उजवा हात बघून खाच कापली. होडी सुलटी केली तर खाच डावीकडे! त्याने गुपचूप पट्टी मारून ती बुजवली आणि दुसरी कापली. भर शर्यतीत पट्टी सुटली, होडी पाण्याने भरली, आणि कप्तान सगळ्यांदेखत पोहत काठाला आला.

बाई वाचत होत्या, "'मिस्त्रीला कामावरून काढावे, असे सर्वांचे मत पडले. त्यावर कप्तान म्हणाले, होडी मी बांधली, खाचही मीच चुकवली. मिस्त्रीचा काही संबंध नाही.'"

आपली नोकरी कशी वाचली, हे मिस्त्रीने कधी कुणाला विचारलंच नव्हतं.

"मला एका शब्दाने बोलला नाही हो," तो म्हणाला. "रोज समोर बसायचा."

बाईंनी पेन उघडलं. "मग असं करू या का? 'होडी मिस्त्रींनी बांधली' एवढंच लिहिते. खाचेचं वगळून टाकते. कुणाला कळणार आहे?"

पन्नास वर्षं हवं होतं ते एका ओळीवर आलं होतं. मिस्त्रीने कागदाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या फोटोकडे. लेकाचा तिथूनही हसत होता.

"नाही. होडी मी बांधली, खाच मी चुकवली, आणि त्याने ती स्वतःवर घेतली, सगळं लिहा." दारापर्यंत जाऊन तो वळला. "चषक त्याचे, फोटो त्याचा. आता चूकही त्यानेच न्यायची म्हणजे काय! ती तरी माझी माझ्याकडे राहू दे."

शेडमध्ये पहिली होडी कोपऱ्यात पालथी पडली होती. शर्यतीनंतर पुन्हा मारलेल्या पट्टीवरून मिस्त्रीने अंगठा फिरवला. मग स्टुलावर चार वर्षं साठलेली हत्यारं उचलून खाली ठेवली, स्टूल फडक्याने पुसलं आणि आपल्या समोर ओढून तो रंधा मारायला लागला.