परसातल्या टाक्याची राखणदारीण

मी गप्पी मासोळी. बोटाच्या पेराएवढी, मातकट रंगाची, पोटानं मोठी. रंगीत शेपट्या आमच्या नरांना मिळाल्या; माद्यांच्या वाट्याला नुसती भूक आली. माझी कहाणी ऐकायची असेल तर एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून तोंड वाकडं करायला नको. मी माझी पोरं खाल्ली आहेत. दर वेळी नाही, पण पुष्कळदा. मला त्याचं वाईट वाटत नाही. भूक लागली की समोर जे हलतं ते खायचं, एवढाच आमचा धर्म. माणसांचे धर्म फार. त्यातल्या एकापायी एका घरात काय झालं, ते मी टाक्यातून पाहिलं.

माझा जन्म समुद्रपूरला, दवाखान्यामागच्या हौदात. आई मला जन्म देऊन वळली ती तोंड उघडूनच. मी शेवाळात शिरले म्हणून वाचले. माझ्या मागची भावंडं तिच्या न्याहारीला गेली.

ते त्र्याऐंशी साल होतं आणि गावोगाव हिवताप पसरला होता. पूर्वी सरकारी माणसं येऊन भिंतींवर पांढरी पावडर फवारून जात. बाया दुसऱ्याच दिवशी शेणामातीनं भिंती सारवून ती झाकून टाकत, कारण सणाला भिंत पांढरी डागाळलेली कशी चालेल! राहिलेल्या पावडरीला डासही सरावले. म्हणून मग आमची नेमणूक झाली. बिनपगारी, आणि अट एकच, उपाशी राहायचं.

मला गावात आणलं ते मधुकररावानं. हा हिवतापाचा कर्मचारी. खाकी सदरा, खांद्याला पिशवी आणि पायाला भिंगरी. प्लास्टिकच्या डब्यात आम्हाला भरून त्यानं डबा सायकलला बांधला आणि गिरडच्या रस्त्याला लागला. खड्ड्याखड्ड्याला आम्ही एकमेकींवर आदळत होतो. निम्म्याजणी वाटेतच मेल्या. त्यानं त्या वेचून बाभळीखाली फेकल्या आणि विडी पेटवली.

रुख्माबाईचं घर गावाच्या कडेला होतं. मागं मोठं परस, त्यात वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. भाजी धुऊन, जुड्या बांधून बाजारात न्यायची, हा त्यांचा पिढीजात धंदा. वीज येईल तेव्हा विहिरीचं पाणी ओढून सिमेंटच्या टाक्यात भरून ठेवत. ते टाकं महिनोन्‌महिने रिकामं होत नसे, आणि डासांनी तिथं आपलं बाळंतघर मांडलं होतं.

रुख्माबाई टाक्याशी आडवी उभी राहिली. विधवा बाई, गळ्यात तुळशीची माळ, आवाज करवतीसारखा.

"आमचं माळकरी घर हाये, भाऊ. पान्यात मासोळी? भाजी याच पान्यानं धुतो आमी."

"माय, देवाचा पयला अवतार कोनता?" मधुकरराव म्हणाला. त्याला पुढची दहा घरं करायची होती. "मासाच ना? मंग देव आला समज तुह्या घरी."

 म्हातारीनं पदर सावरून हातच जोडले. मधुकरराव स्वतःच्या हुशारीवर खूश झाला. आम्हाला टाक्यात ओतून सायकलवर टांग टाकता टाकता त्यानं खरी गोष्ट सांगितली, जी आधी सांगायला हवी होती.

"यायले खायले काही टाकू नोका बरं! पोट भरलं का हे अळ्याले तोंड लावत नाई. सुनेले दिवस हायेत ना? पोटुशा बाईले हिवताप लय वाईट."

सुनेचं नाव गोपिका. तिथंच ती मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. मागच्या पावसाळ्यात तिला हिवताप भरला आणि चौथ्या महिन्यात पोट रिकामं झालं. आता पुन्हा दिवस गेले होते. हे मूल टिकलं तर गोपिका त्या घरात टिकणार होती. रुख्माबाईनं तसं सांगूनच ठेवलं होतं, आणि नवरा मनोहर आईच्या शब्दापुढं जाणारा नव्हता.

सुरुवातीचे दिवस माझे सोन्याचे होते. हिवतापाच्या डासाच्या अळ्या पाण्याच्या तोंडाशी आडव्या पडून असतात, केरातल्या काड्यांसारख्या. खालून यायचं आणि गट्ट करायचं. आम्ही टाकं धुऊन काढलं. मी पोटभर खाल्लं असं एकदाही झालं नाही, आणि तेच बरं होतं. संध्याकाळी गोपिका कठड्याशी निवांत बसू लागली. पायावर चापट मारायचं काम उरलं नाही. कधी वाकून आमच्याकडं बघायची आणि पोटावर हात ठेवायची.

पण अवतार म्हटल्यावर म्हातारीला झोप कशी येणार? घरी देव उपाशी आणि आपण जेवतो, हे तिला खुपू लागलं. माशांना कणकेच्या गोळ्या घातल्या की पुण्य लागतं हे तिनं लहानपणापासून ऐकलेलं. तिनं नवस बोलला, नातू होईपर्यंत रोज सकाळी गव्हाच्या कणकेच्या गोळ्या, वर झेंडूची फुलं.

त्या घरात गहू सणासुदीला निघे. एरवी ज्वारीची भाकर, आणि सुनेच्या ताटात आदल्या दिवशीची. एका सकाळी रुख्माबाई परात घेऊन आली तेव्हा गोपिकानं वास घेतला आणि तिला राहवलं नाही.

"आत्याबाई, यातली एक पोळी मले करून द्या ना. पोटात नुसती आग पडून राह्यली."

"देवाच्या कनकेवर डोळा ठेवतं वं? लाज नाई वाटत? पोरगं होऊ दे, मंग खाजो पोळ्याच पोळ्या."

"पन ते मलेरियावाले भाऊ म्हनत होते, यायले खाऊ घालू नोका म्हनून..."

"आता तू मले शिकवून राह्यली? मुकं जनावर उपाशी ठेवू? पाप कोनाले लागंन?"

गोपिका मान खाली घालून जुड्या बांधू लागली. मुकं जनावर तिच्यासमोरच बसलं होतं, पण ते म्हातारीच्या हिशेबात नव्हतं.

आणि मी? मी खाल्लं. आयती कणीक तोंडाशी येऊन पडत असताना अळ्यांच्या मागं कोण पळतं? आठ-पंधरा दिवसांत माझं पोट सुटलं. सकाळी जेवायचं आणि दिवसभर तळाशी पडून राहायचं. वर झेंडूची फुलं तरंगत होती, त्यांच्या सावलीत अळ्या मजेत वाढत होत्या. एकेक कात टाकून, पाण्यावर क्षणभर उभी राहून, पंख वाळवून घराकडं उडत होती. मी खालून पाहत होते. तोंड उघडलं असतं तर संपली असती. पण भरल्या पोटी कोण कुणाची चाकरी करतं? तुमच्यातही करत नाहीत.

दसऱ्याच्या सुमाराला गोपिकाला हुडहुडी भरली. भर उन्हात ती कठड्याला धरून थरथरत होती. दात वाजत होते ते मला पाण्यात ऐकू येत. मनोहर म्हणाला, "माय, दवाखान्यात नेतो इले." म्हातारी म्हणाली, "कनकेच्या गोळ्या वाढवू. देव कोपला असंन." गाडी जुंपायची राहिली, आणि कणीक मात्र दुप्पट झाली. शिवाय नवस फळायला हवा तर जिच्या पोटी मूल तिच्याच हातून घास पडला पाहिजे, असं ठरलं. मग रोज सकाळी तापानं फणफणलेली गोपिका पाय ओढत यायची आणि आम्हाला भरवायची. एकदा तिनं एक गोळी स्वतःच्या तोंडाकडं नेली. मागून रुख्माबाईनं तिच्या मनगटावर फटका मारला. गोळी पाण्यात पडली. ती मीच खाल्ली.

मधुकरराव फिरून आला तो त्याच सुमाराला. आधी त्यानं गोपिकाच्या बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घेतलं. मग टाक्यात वाटी बुडवली. फुलांखाली अळ्याच अळ्या. त्यानं ते पाणी सगळ्यांसमोर धरलं.

"मासे हायेत अन्‌ अळ्याबी हायेत? कोन खाऊ घालून राह्यलं यायले?"

 रुख्माबाईनं सुनेकडं बोट केलं.

"पाहा इचे हात."

गोपिकाच्या बोटांना ओली कणीक चिकटलेली होती. त्याच सकाळची.

"मी सांगून थकली, भाऊ. आयकतच नाई. जाऊन बसते मासोळ्याशी खेयत."

गोपिकानं नवऱ्याकडं पाहिलं. रोज सकाळी परात कोण आणतं हे मनोहरनं डोळ्यांनी पाहिलं होतं. तो म्हणाला, "काऊन असं केलं वं तू?"

मी पोरं खाणारी बाई आहे. तरी ते ऐकून क्षणभर मलाही तळ गाठावासा वाटला.

मधुकररावानं औषधाच्या गोळ्या दिल्या, पण फार उशीर झाला होता. पुढं एका सकाळी मनोहर परसात आला. हातात फडक्यात गुंडाळलेलं गाठोडं होतं, भाकरीच्या गाठोड्याएवढं. टाक्याला टेकवलेलं फावडं घेऊन तो धुऱ्याकडं, शेताच्या बांधाकडं गेला. परत येऊन त्यानं टाक्याच्या पाण्यात हात धुतले. माती माझ्या अंगावरून खाली गेली. दारात रुख्माबाई ऊर बडवत होती. "नातूच होता गा बापा! या अवदसेनं खाल्ला!"

दुसऱ्या सुनेची बोलणी सुरू झाली ती टाक्याजवळच, गोपिका भांडी घासत असताना. आणि म्हातारीनं नवा नवस बोलला, नव्या सुनेसाठी. पुन्हा परात, पुन्हा फुलं. कणकेचा वास आला तशा आम्ही सगळ्या वर धावलो.

गोपिका उठली. हाडांचा सापळा झालेली. तिनं सासूच्या हातून परात काढून घेतली, कठड्यावर बसली आणि एक गोळी उचलून तोंडात टाकली. कच्चीच. मग दुसरी. मग तिसरी. रुख्माबाई किंचाळली, "देवाचं हाये ते! आवर इले, मनोहर!"

मनोहर जागचा हलला नाही. आईला आवरायचीही त्याची छाती झाली नाही, बायकोला तर नाहीच.

"भूक लागली मले," गोपिका म्हणाली. "दोन वर्सं झाले." ती खात राहिली. घशात अडकलं की टाक्यातलं पाणी ओंजळीनं प्यायची आणि पुढची उचलायची. परात पुसून खाल्ली. आम्ही तोंडं उघडून वाट पाहत होतो. एक कण पडला नाही. मग तिनं सगळी फुलं काढून उकिरड्यावर टाकली आणि गोठ्यापाशी निजायला गेली.

दुसऱ्या दिवशी ती समुद्रपूरच्या एसटीत बसून माहेरी गेली. तिला कुणी अडवलं नाही, पुढं कुणी आणायलाही गेलं नाही. म्हातारीनं मात्र सुनेच्या उष्ट्यानं बाटलेल्या टाक्याचं तोंड पुन्हा पाहिलं नाही. भुकेनं माझी आतडी पिळवटली, तेव्हा मी वर आले आणि कामाला लागले. चार दिवसांत एक अळी उरली नाही. आता हिवाळाही सरला. टाकं स्वच्छ आहे आणि ज्या पोटासाठी ते स्वच्छ हवं होतं ते या घरात नाही.

माझे दिवस भरत आलेत. उद्या तुमच्या परसात माझ्या लेकी कुणी आणून सोडल्या, तर हात जोडू नका, फुलं वाहू नका, कणीक टाकू नका. आम्हाला उपाशी ठेवा. आमच्या भुकेवर तुमची माणसं जगतात. आणि पुण्यासाठी कणीक मळलीच असेल, तर आधी चूल पेटवा आणि घरात उपाशी कोण आहे ते बघा. लांब जावं लागणार नाही. बहुतेक ती चुलीपाशीच बसलेली असेल.