सैल रिव्हेट आणि सुनेचे पाऊल

मित्रांनो, मी एक जुनी बंदूक आहे आणि गप्प बसणे माझ्या स्वभावात नाही. माझा जन्मच मुळी आवाज करण्यासाठी झाला. तरीही एक अख्खा हिवाळा मला तोंड शिवल्यासारखे भिंतीवर लटकावे लागले, आणि माझ्या देखत एका निरपराध मुलीवर आळ येत राहिला. तो हिवाळा आठवला की आजही माझी नळी तापते.

मी घडले उत्तरेकडच्या एका कारखान्यात. तिथे मला शेकडो बहिणी होत्या आणि एकीत-दुसरीत तिळाचाही फरक नव्हता. नारिन या डोंगरी नदीच्या वरच्या खोऱ्यात आले तेव्हा कुठे मला माझे असे रूप मिळाले. तोक्तोसुन नावाच्या शिकाऱ्याच्या वडिलांनी मला अक्रोडाचा दस्ता बसवला, खाली टेकायला शिंगाचे दोन पाय दिले. नेम धरायची मूळची पट्टी तुटली तेव्हा त्यांनी घरीच नवी केली. नळीभोवती लोखंडी कडे, कड्याला वर एक कान, आणि त्या कानाला खाच पाडलेली पट्टी तांब्याच्या दोन रिव्हेटांनी ठोकलेली. त्या खाचेतून पाहायचे आणि चाप ओढायचा. मी कधी चुकले नाही.

कळपावर लांडगा आला की पहिली हाक आमच्या दाराशी येई. शिकार घेऊन परतताना वाटेत जो भेटेल त्याला मांसाचा वाटा द्यायची तिथे रीत आहे. लोक मुद्दाम आमच्या वाटेवर येऊन उभे राहत आणि सहज फिरायला निघालो होतो म्हणत. मला त्याची भारी गंमत वाटे. वडिलांमागून मी तोक्तोसुनच्या हाती आले आणि त्याच्याच खांद्यावर म्हातारी झाले.

त्या वर्षी बर्फ लवकर पडला. खिंडीत तोक्तोसुन लगाम सावरायला वाकला, त्याचा तोल गेला आणि खोऱ्यात नावाजलेला तो शिकारी पोत्यासारखा खाली आला. त्याच्याखाली मी. माझे कडे खडकावर आपटले आणि पट्टीचे पुढचे रिव्हेट आतल्या आत तुटले. वरचे डोके मात्र जागच्या जागी राहिले, म्हणून बघणाऱ्याला काही कळेना. तोक्तोसुनने आजूबाजूला पाहिले. कुणी नव्हते. अंगावरचा बर्फ झटकून तो पुन्हा घोड्यावर चढला. शिकारी घोड्यावरून पडला हे कळले असते तर गावाला उन्हाळ्यापर्यंत हसायला पुरले असते.

एरवी घरी येताच तो मला खुंटीला लावी. त्या दिवशी दुखावलेला हात वर जाईना, म्हणून त्याने मला तसेच जमिनीवरच्या लोकरी नमद्यावर टाकले आणि शेगडीपाशी जाऊन बसला. इतक्यात त्याची सून बुरमाकान चहाची मोठी किटली दोन्ही हातांत धरून आली. तिच्या लग्नाला वर्षही झाले नव्हते आणि नवरा शहरात बांधकामावर होता. किटलीच्या वाफेत तिला मी दिसले नाही. ती मला ओलांडून गेली.

आता त्या खोऱ्यात सगळे मानतात की बाईने शिकाऱ्याची बंदूक ओलांडली की बंदुकीचा नेम जातो. सासू सुयुमकान कणीक मळत होती, तिचे हात थांबले.

"घात केलास गं," एवढेच ती म्हणाली.

तोक्तोसुन चहा प्यायला. तेव्हा तो बोलला असता तर ही गोष्ट मला सांगावीच लागली नसती.

पुढे व्हायचे तेच झाले. लांडगा आला, तोक्तोसुनने नेम धरला आणि माझी पट्टी सरकली. गोळी डावीकडच्या खडकावर गेली. दुसऱ्यांदाही तेच. एक मेंढी गेली, मग गाभण घोडी गेली.  घोडी गेली त्या दिवशी सुयुमकानने दोष जावा म्हणून आर्चा या डोंगरी झाडाच्या सुवासिक फांद्या पेटवून मला धुरी दिली. तेवढ्याने भागेना म्हणून रोज देऊ लागली. काजळी आणि मला चोळलेली चरबी माझ्या फटीत जाऊन बसली आणि तुटलेले रिव्हेट आणखीच झाकले गेले. मी आतून तडफडत होते. अगं बाई, धूर कसला देतेस, बोटाने जरा पट्टी हलवून तर बघ! पण माझे कोण ऐकणार?

गावात कुजबुज सुरू झाली की तोक्तोसुनची सून पांढऱ्या पायाची आहे. बुरमाकान दिसली की बायका पाणी भरता भरता गप्प होत. शेवटी सुयुमकानने तिच्या माहेरी निरोप धाडला, की मुलीला घेऊन जा.

भाऊ यायचा त्या दिवशी सकाळी बुरमाकानने गाठोडे बांधले. जाताना घर लखलखीत करून जायचे म्हणून ती भिंती पुसू लागली आणि माझ्यापाशी येऊन थबकली. बंदुकीला हात लावायची तिला मनाई होती. मग तिनेच खांदे उडवले आणि मला खाली काढले. जायचेच ठरले तर भ्यायचे कशाला? ओल्या फडक्याने तिने काजळी पुसली आणि तिच्या अंगठ्याखाली माझी पट्टी हलली. मित्रांनो, इतक्या महिन्यांत मला प्रथमच बरे वाटले.

बुरमाकानचे वडील खोगिरे करत, त्यामुळे सैल रिव्हेट तिला नवे नव्हते. तेवढ्यात तोक्तोसुन आत आला. सुनेने सासऱ्याशी तोंड वर करून बोलायचे नाही अशी तिथली रीत. तिने त्याच्याकडे पाठ केली आणि माझ्याशीच बोलू लागली.

"बंदूकबाई, तुमची पट्टी हलतेय. माझ्या पावलानं तांबं तुटतं हे मला आजच कळलं."

तोक्तोसुनने हात लांब करून पट्टी स्वतः हलवून पाहिली. मग खाली बसला आणि तोही माझ्याशीच बोलू लागला.

"हिला विचार, घरात तांब्याचं काही आहे का."

"सांग त्यांना, माहेरून आणलेल्या माझ्या लगामाला रिव्हेटं आहेत. आता तो लगाम इथं कुणाला हवाय?"

त्याने माझे पोट उघडून काडतुसे बाहेर काढली. कानशीने जुन्या रिव्हेटाचे डोके घासले आणि खिळ्याने आतला तुकडा ठोकून बाहेर पाडला. बुरमाकानने लगामाचे एक रिव्हेट काढून दिले. ओंडक्यात रुतलेल्या कुऱ्हाडीच्या बुडावर माझ्या कड्याचा कान टेकवून तोक्तोसुनने हातोडी उचलली आणि अशी हाणली की रिव्हेट चिरलेच.

"सांग त्यांना, तंबूची मेख नाही ठोकायची," बुरमाकान म्हणाली.

दुसरे रिव्हेट तिने आधी निखाऱ्यात लाल केले आणि पाण्यात बुडवून मऊ केले. मला तिने घट्ट धरले आणि तो हलक्या हाताने, चहूबाजूंनी थोडे थोडे ठोकत गेला. पट्टी बसली. मी पुन्हा धड झाले.

"जुनं झालं होतं," तोक्तोसुन मला म्हणाला. "गंजलं असेल."

बुरमाकानने माझे कडे उजेडात धरले. "गंजलं असतं तर हिरवं पडलं असतं. कड्याला तर खळी पडलीय. कुठंतरी जोरात आपटलीयस तू."

 तो मला खुंटीला लावून बाहेर निघून गेला.

आणि माझा जीव पुन्हा खालीवर होऊ लागला. कारण आता मी बरोबर नेम धरणार होते. बुरमाकान माहेरी जाणार, लांडगा पुन्हा येणार, माझी गोळी त्याला अचूक लागणार आणि सगळा गाव म्हणणार, पाहा, सून गेली आणि बंदूक सुधारली. जिने मला नीट केले तिच्यावरचा आळ माझ्याच गोळीने पक्का होणार होता. असे नीट होण्यापेक्षा मी मोडलेली बरी होते.

दुपारी तिचा भाऊ सादीर जास्तीचा घोडा घेऊन आला. शेजारचा म्हातारा इमानालीही चहाला येऊन बसला. गाठोडे दाराशी होते. इमानालीने भाकरीचा तुकडा मोडला आणि सुयुमकानची समजूत घालावी तसा म्हणाला, की सून एकदा उंबऱ्याबाहेर गेली की बंदूक आपोआप सरळ होईल.

तोक्तोसुन उठला. त्याने मला खाली काढले, दुखऱ्या हातानेच.

"बंदूक आज सकाळीच सरळ झाली," तो म्हणाला. "हिनं केली. बंदुकीचं रिव्हेट तुटलं होतं, आणि ते तुटलं मी घोड्यावरून पडलो तेव्हा. खिंडीत. हिनं ओलांडली त्याच्या आधी."

इमानालीचा घास हातातच राहिला. "घोडा दौडत होता का?" त्याने विचारले.

"उभा होता."

इमानाली इतका हसला की त्याला ठसका लागला. सादीरने हसू दाबायला तोंडावर टोपी धरली. तोक्तोसुनने सगळे हसणे उभ्याने ऐकून घेतले. मग रीतभात बाजूला ठेवून तो थेट सुनेकडे वळला.

"पोरी, पडलो मी आणि लागलं तुला."

बुरमाकानने प्रथमच मान वर करून त्याच्याकडे पाहिले.

"बाबा, हात अजून दुखतो का?"

 सुयुमकान दाराशी जाऊन बसली आणि गाठोड्याची गाठ सोडू लागली. गाठ घट्ट होती. शेवटी तिने ती दातांनी सोडवली.

मित्रांनो, तेव्हापासून मी चुकलेले नाही. मला पुसा, तेल द्या, ओलीत ठेवू नका, हे तर मी सांगणारच. पण मी चुकलेच, तर आधी मला उलटसुलट करून बघा. माझे तुटलेले रिव्हेट एका सकाळीत बदलता आले. बुरमाकान मात्र चुकून काही ओलांडले जाऊ नये म्हणून अजूनही घरात भिंतीच्या कडेकडेने चालते, मी वर खुंटीला असले तरी.