डोळे उघडे असलेला एक फोटो

गादीवाल्या ताईचा हट्ट एकच. दुकानाला एक चेहरा हवा. "माणूस रोज नवं नाक लावून हिंडला तर त्याला ओळखणार कोण?" ती म्हणायची. म्हणून दुकानाच्या पेजवर प्रत्येक फोटोत तेच. निळी खोळ, पिवळी उशी आणि गालाखाली हात घेऊन डाव्या कुशीवर गाढ झोपलेला तिचा धाकटा भाऊ. हंगाम बदलो, कापसाचा भाव बदलो, भावाची कूस बदलायची नाही. नवऱ्यानं एकदा हौसेनं हिरवी उशी मांडली, तर तीच उशी उडत त्याच्या अंगावर आली. फोटोखाली ताई स्वतः जुळवून दोन ओळी लिही:

पिंजला कापूस, जणू ढग उतरला
पाठ टेकताच, शीण सारा विसरला

भाऊही गुणाचा. त्याला झोपेचं सोंग आणावंच लागत नसे. इकडे पाठ टेकली की तिकडे घोरणं सुरू. गिऱ्हाइकं येऊन म्हणत, "त्या झोपलेल्याची गादी दाखवा."

एका दुपारी हा भाऊ नोकरीची मुलाखत देऊन परतला तो तोंड एवढंसं करून. धान्याच्या गोदामाला दिवसपाळीचा पहारेकरी हवा होता.

"काय झालं रे?" ताईनं विचारलं.

"साहेब बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, तुम्हाला कुठंतरी पाहिलंय. मी म्हटलं, नसेल. तर म्हणे, जरा डोळे मिटा बरं."

"मग?"

"मिटले. म्हणाले, हां, तेच ते."

कोपऱ्यात गादीला टाके घालत बसलेल्या ताईच्या नवऱ्यानं हसू दाबायला खोळीत तोंड खुपसलं. ताईचा चेहरा मात्र उजळला. "म्हणजे आपलं पेज गोदामापर्यंत पोचलंय तर."

"पेज पोचलं, मी दारातच अडलो. म्हणाले, उद्यापर्यंत तुमच्या पेजवर डोळे उघडे असलेला एक तरी फोटो दाखवा, नाहीतर दुसरा माणूस घेतो."

"आपल्याकडे उघडे डोळे चालत नाहीत," ताई सवयीनं बोलून गेली.

"मला चालतात," भाऊ म्हणाला. "तिशी आली ताई. दुकानाच्या मागच्या खोलीत नमुन्याच्या गादीवरच म्हातारा होऊ का? मला माझी एक खोली करायचीय. कुणी विचारलं काय करता, तर झोपतो म्हणून सांगू?"

एवढं बोलून तो हात धुवायला गेला. ताई फोन घेऊन पेज खाली खाली सरकवत राहिली. निळं, पिवळं, निळं, पिवळं. आई गेल्यावर यालाच मांडीवर थोपटून थोपटून तिनं निजवलं होतं. निजवता निजवता मुलगा मोठा झाला, पण त्याचे डोळे कसे आहेत हे अख्ख्या पेजवर कुणाला कळलं नसतं.

"आडवा हो," ती उठून म्हणाली.

"ताई, मी आत्ता काय बोललो?"

"आडवा हो, पण डोळे मिटू नकोस."

बाकी सगळं नियमाप्रमाणे. तीच खोळ, तीच उशी, तोच हात गालाखाली. फक्त डोळे टक्क. भाऊ समोरच्या दाराकडे असा बघत होता, जणू तिथून कुणी धान्याचं पोतं पळवतंय. खाली दोन ओळी काही जुळेनात, म्हणून तिनं नुसतं लिहिलं, "आमचा भाऊ."

संध्याकाळपर्यंत पेजवर गिऱ्हाइकांनी धुमाकूळ घातला. "गादीत ढेकूण आहेत का?" "कापूस बदललात वाटतं." "याला झोप येईना, तर आम्हाला काय येणार?" एका बाईनं दुहेरी गादीची ऑर्डर रद्द केली.

"काढून टाक तो फोटो," नवरा म्हणाला. "गादीच्या दुकानात जागा माणूस म्हणजे न्हाव्याच्या दुकानात जटा."

"राहू दे."

"तूच म्हणतेस ना, एक चेहरा हवा?"

"तोच चेहरा आहे," ताई म्हणाली. "नीट बघा."

तेवढ्यात त्या सगळ्या कुजकट बोलांच्या खाली गोदामाच्या साहेबांची ओळ उमटली. "इतक्या मऊ गादीवर पडूनही जो जागा राहतो, तोच आम्हाला हवा. सोमवारी रुजू व्हा."

सोमवारी भाऊ खाकी सदरा घालून गेला आणि पेजला झोपणारा उरला नाही. ताईनं नवऱ्याला निजवलं. त्याला काही केल्या झोप लागेना. डोळे घट्ट आवळून, हात पोटावर जुळवून तो ताठ पडून राहिला. फोटो टाकला न टाकला तोच कुणीतरी विचारलं, "केव्हा गेले हो? परवाच तर खोळ शिवून घेतली मी."

ताई हसून हसून गादीवरच बसली. तशात भावाचा फोन आला. जेवणाची सुट्टी झाली होती.

"जागा आहेस ना?" तिनं आधी तेच विचारलं.

"झोपतोय कसला. फाटकापाशी लाकडी खुर्ची दिलीय. कणा मोडला माझा."

नवरा ताडकन उठून बसला. एवढा वेळ मेल्यासारखा पडलेला माणूस, पण धंद्याची गोष्ट निघाल्यावर जिवंत झाला. "अरे मग खुर्चीपुरती एक छोटी गादी करून देऊ का? उरलेला कापूस आहे."

ताईनं फोनवर हात ठेवला आणि नवऱ्याकडे डोळे वटारले.

"खबरदार," ती म्हणाली.