पंधरा इंची, सपाट काचेचा

शंतनु एप्रिलमध्ये अमेरिकेला गेला, सहा महिन्यांसाठी. सन दोन हजार उजाडलं की जगभरचे कॉम्प्युटर तारीख चुकणार, म्हणून त्याच्या कंपनीने माणसांची अख्खी तुकडीच तिकडे रवाना केली होती. स्मिता के. आर. पुरममधल्या दोन खोल्यांत मागे राहिली. लग्नाला आठ महिने झाले होते, बंगळूरला येऊन तीन. नागपूरला माहेरी जायचं म्हटलं तर तिच्या व्हिसाचे कागद याच पत्त्यावर यायचे होते.

खाली घरमालकीण जयम्मा राहायच्या. जिन्यात भेटल्या की हसायच्या, कन्नडमध्ये काहीतरी विचारायच्या. स्मिता न कळताच मान हलवून 'सरी, सरी', म्हणजे बरं बरं, म्हणायची आणि वर पळायची.

शंतनुचा फोन रविवारी सकाळी यायचा, दहा मिनिटं. एकदा तो म्हणाला, "टीव्ही घेऊन टाक एक. घरात आवाज राहील. छोटाच घे, पण सपाट स्क्रीनचा. नवीन आलेत. नीट बघून घे."

नीट बघून घे, हे स्मिताने फारच मनावर घेतलं. करायला काहीतरी मिळालं होतं.

बाजारातल्या दुकानात एक भिंतभर टीव्ही मांडले होते. सगळ्यांवर एकच धबधबा कोसळत होता. विक्रेता हिंदीत काहीबाही सांगत होता. ती वाकून एकेक चित्र निरखत होती आणि स्वतःशीच पुटपुटली, "अगंबाई, हे पाणी तर शाई सांडल्यासारखं निळं दिसतंय."

"निळंच दिसणार की ओ ताई," विक्रेता म्हणाला. "ती टेपच तशी बनवल्या. कुठलाबी टीव्ही ग्वाड दिसावा म्हणून."

स्मिता त्याच्याकडे बघतच राहिली. शंतनु गेल्यापासून फोनबाहेर ऐकलेलं हे पहिलं मराठी होतं. पन्नाशीचा, जाड चष्म्याचा माणूस. नाव बसवंत, गाव निपाणी.

"मग बघायचं कसं?"

"बातम्या लावायच्या. बाईच्या तोंडाकडं बघायचं. माणसाचं तोंड खरं दिसलं तर टीव्ही खरा." त्याने एका टीव्हीचा रंग पार शून्यावर आणला. "आता काळं-पांढरं बघा. त्यात हिरवी-तांबडी झाक आली तर सोडून द्यायचा."

ती दोन दिवसांनी परत गेली, मग आणखी तीन दिवसांनी. एकदा एकवीस इंची बघितला, एकदा चौदा इंची फुगीर काचेचा. प्रत्येक वेळी नवा प्रश्न घरूनच ठरवून न्यायची. खिडकी समोर असली तर काचेत दिसेल का? व्होल्टेज उतरलं तर? बसवंत कंटाळत नसे. दुकानात गिऱ्हाईक कमी असलं की तो स्टूल पुढे सरकवायचा आणि सावकाश सांगायचा.

"काच सपाट आहे म्हणून चित्र सपाट असंल असं नाही, ताई. कडेच्या रेघा बघा. स्वल्प वाकल्या तर चालतंय, पार कमान झाली तर नको."

चौथ्या खेपेला विचारण्यासारखं काही उरलं नाही. तिने पंधरा इंची, सपाट काचेचा टीव्ही घेतला.

घरी बसवून द्यायला मात्र दुसराच माणूस आला. तिने पोहे करून ठेवले होते, पण त्याने पाणीसुद्धा घेतलं नाही. वीस मिनिटांत सगळं जोडून, गॅरंटी कार्डावर सही घेऊन गेला.

टीव्ही उत्तम होता. केबलवर साठ चॅनेल होते. कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी, इंग्रजी. स्मिता सकाळपासून तो चालू ठेवायची. भाजी चिरताना बातम्या, कपडे वाळत घालताना गाणी. पण आठवड्याभरात तिच्या लक्षात आलं की, आवाज नसताना एकटं असणं एक आणि घरभर माणसं बोलत असताना त्यातल्या कुणालाही आपण दिसत नसणं दुसरं. हे दुसरं जास्त जड जात होतं.

पुढच्या सोमवारी ती दुकानात गेली. "चित्र डाव्या कोपऱ्यात वाकतंय," ती म्हणाली. बोलताना तिने बसवंतकडे पाहिलं नाही.

"माणूस पाठवतो."

"तुम्हीच याल का? तुम्हाला लगेच कळेल."

गुरुवारी दुपारी तो आला. बातम्या लावल्या, खालच्या पट्टीवर एक ताठ कागद धरला. मग वर, मग डाव्या बाजूला. रेघ कुठेही वाकत नव्हती. त्याने कागद दुमडून खिशात ठेवला. टेबलावर दोन बशा मांडलेल्या होत्या. त्या त्याने पाहिल्या.

"ताई, टीव्हीला काही झालेलं नाही."

"माहीत आहे मला," स्मिता म्हणाली. तिचे कान तापले. "खोटं बोलले मी. तुम्हाला उगीच हेलपाटा पडला."

बसवंत खुर्चीत बसला. "वाढा मग. उभ्यानं काय खायचं."

त्याने साबुदाण्याची खिचडी सावकाश खाल्ली. अकरा वर्षं तो इथे एका खोलीत राहत होता. बायको-मुली निपाणीला. "दिवसभर चाळीस टीव्ही कानाशी बोलत असतात. खोलीवर गेल्यावर रेडिओबी लावत नाही. पण शेजारचा त्रिविक्रम येऊन बसतो. तमिळ माणूस. त्याचं मला निम्मं कळत नाही. बसतो तेवढं पुरतंय." मग तो उठला. "मला सारखं येता यायचं नाही, ताई. दुकानात बोलतील. तुम्हालाबी बरं दिसणार नाही."

"कळतंय."

जाताना तो खाली जयम्मांच्या दारात थांबला. कन्नडमध्ये काय बोलला ते स्मिताला वरून ऐकू आलं, समजलं नाही.

संध्याकाळी साडेसहाला दार वाजलं. जयम्मा उभ्या होत्या, हातात झाकलेली वाटी. त्यांनी टीव्हीकडे बोट दाखवून काही विचारलं. स्मिता बाजूला झाली. जयम्मांनी स्वतःच कन्नड मालिका शोधून लावली आणि पलंगाच्या कडेला मांडी घातली. वाटीत भिजवलेल्या डाळीची कोशिंबीर होती.

मालिकेतली सून रडू लागली तशा जयम्मांनी हळहळून काहीतरी सांगितलं. "मला कळत नाही, अक्का," स्मिता मराठीतच म्हणाली. जयम्मांनी तेच पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने.

त्या रोज येऊ लागल्या. अर्धा तास बसत, मग कुकर लावायचाय अशी खूण करून निघून जात. त्या गेल्यावर खोली आधीपेक्षा थोडी मोठी वाटायची.

ऑक्टोबरमध्ये शंतनु म्हणाला, काम लांबलंय, आता मार्च. व्हिसाचंही नक्की नाही. मग त्याने विचारलं, "टीव्ही कसा आहे?"

"चांगला आहे," ती म्हणाली. "चेहरे अगदी खरे दिसतात."

दहा मिनिटं संपली होती. तिने फोन ठेवला. जयम्मा यायला अजून सबंध दिवस होता. ती भांडी घासायला उठली.